हिशेब पुढच्या पाळीवरून करा

गेल्या उन्हाळ्यात उमरेडकडची एक सून सासूबाईंसोबत माझ्या दवाखान्यात आली. बोलत होत्या त्या सासूबाईच. "डॉक्टरबाई, अडीच वर्षं झालीत लग्नाला. काहीच होऊन नाही राहिलं. हिच्यातच काही दोष असन, पाहा बरं." सून खाली मान घालून पदराचे टोक पिळत होती. सासूबाईंना बाहेर बसवले, तेव्हा तिने पिशवीतून एक छोटी डायरी काढली.

डायरीत पाळीच्या तारखा अगदी व्यवस्थित लिहिलेल्या. नवरा चंद्रपूरला नोकरीला. चौदाव्या दिवशी दिवस राहतात, असे कोणीतरी सांगितलेले. म्हणून तो दर खेपेस रजा टाकून तेराव्या दिवशी यायचा आणि पंधराव्या दिवशी परत जायचा. मी तारखा मोजल्या. तिची पाळी दर ३५ दिवसांनी येत होती. म्हणजे तिचे स्त्रीबीज चौदाव्या नव्हे, एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटत होते. गर्भधारणेचे दिवस सुरू होत, तेव्हा नवरा चंद्रपूरला पोचलेला असे!

हा घोटाळा अनेक घरांत होतो, म्हणून नीट समजून घेऊ. रक्तस्राव सुरू झाला तो पाळीचा पहिला दिवस. तिथून स्त्रीबीज पिकायला किती दिवस लागतील, हे प्रत्येकीचे वेगळे. पण बीज सुटल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींच्या बाबतीत साधारण १४ दिवसांचा असतो. जपानचे डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ साली हेच दाखवून दिले, की बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते. म्हणून पाळीच्या अंतरातून १४ वजा करा. २८ दिवसांची पाळी असेल तर चौदावा दिवस, २६ ची असेल तर बारावा, ३५ ची असेल तर एकविसावा. हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. एखाद्या महिन्यात आजारपण, जागरण किंवा काळजीने दिवस मागेपुढे होतात.

सुटलेले स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात तीन ते पाच दिवस जिवंत राहू शकते. अमेरिकेतील डॉ. विलकॉक्स यांनी १९९५ साली २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतच गर्भधारणा झाल्याचे आढळले. तेव्हा एकाच 'मुहूर्ता'ची वाट पाहू नका. या दिवसांत एक दिवसाआड संबंध आला तरी पुरे.

शरीरही खुणा देते. बीज सुटण्याच्या सुमारास अंगावरून जाणारा पांढरा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, बुळबुळीत होतो. दोन बोटांत धरला तर त्याची तार निघते. घरच्या घरी ओळखता येणारी ही सर्वांत उपयोगी खूण. दुसरी खूण तापमानाची. बीज सुटल्यावर शरीराचे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते आणि पाळी येईपर्यंत तसेच राहते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी ते मोजायचे. पण ही खूण बीज सुटून गेल्यावर कळते. शिवाय आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, एक रात्र कूलरसमोर आणि दुसरी गच्चीवर काढली, तर तक्त्याचा भरवसा राहत नाही.

औषधाच्या दुकानात लघवी तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. बीज सुटण्याच्या साधारण एक-दीड दिवस आधी त्या सूचना देतात. मात्र पीसीओएसचा त्रास असेल तर त्या फसवू शकतात. अशा वेळी सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहणे बरे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. मूल न होण्यामागे पुरुषातील कारणही तितकेच असू शकते. वीर्यतपासणी सोपी आहे, ती आधी करावी. सुनेला वर्षभर औषधे देऊन मुलाला एकदाही न तपासणे, हा अन्याय आहे. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून अशा विषयांवर उघड लिहिले, त्यापायी खटलेही सोसले. तरीही घरात हे बोलणे अजून अवघडच जाते.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने पुरे. पाळी फार अनियमित असेल, तर मुळीच थांबू नका. आणि प्रयत्न सुरू करतानाच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्या. बाळाच्या मेंदू-मणक्याच्या व्यंगाचा धोका त्याने कमी होतो.

उमरेडच्या त्या जोडप्याच्या तपासण्या ठीक निघाल्या. आम्ही फक्त रजेच्या तारखा बदलल्या. पाचव्या महिन्यात सासूबाई संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या. सर्वांच्या बाबतीत इतके सोपे नसते, हे मी जाणते. पण सुनेला बोल लावण्यापूर्वी तिची डायरी एकदा उघडून पाहा, एवढेच माझे सांगणे.