सूज ओळखताना : ७ – खड्डा पडला नाही तर?

या अंकात जलोदरावर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते आता पुढच्या आठवड्यात. चंद्रपूरकडच्या एका वाचकताईंचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर लांबवावंसं वाटत नाही. मागच्या लेखात सांगितलं तसा त्यांनी आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उजवा पाय डाव्यापेक्षा उघड जाड, पण खड्डा काही पडेना. ‘म्हणजे पायात पाणी नाहीच ना?’ असं त्या विचारतात.

आहे ताई, पाणी आहे. हृदय थकलं किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं गळू लागली की साचणारं पाणी पातळ असतं. अंगठ्याखालून ते बाजूला सरकतं, म्हणून खड्डा पडतो. आणि ते सहसा दोन्ही पायांवर उतरतं. लसिकावाहिन्या तुंबल्या की प्रकरण वेगळं. रक्तातून बाहेर झिरपलेली प्रथिनं परत नेण्याचं काम याच वाहिन्यांचं. ती पायातच अडकली तरी सुरुवातीला खड्डा पडतो, पाय उंच ठेवून झोपलं की सूज ओसरतेही. वर्षं जातात तसे आत तंतू आणि चरबी वाढतात, कातडी जाड होते. मग कितीही दाबा.

अशा पायाला अंगठा नको, चिमूट हवी. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचला. निरोगी पायावर पातळ घडी सहज येते. लसिकेच्या सुजेत ती येतच नाही. स्टेमर यांनी १९७६ साली ही खूण नोंदवली. ना यंत्र, ना खर्च, आणि ताडून पाहायला शेजारी दुसरा पाय! मला ही तपासणी फार आवडते. घडी आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, सुरुवातीच्या दिवसांत ही खूण चकवते.

ताईंच्या आईंचा रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला आहे. लसिकावाहिन्या तुंबवणारा हत्तीपाय विदर्भात जुना. क्युलेक्स डास त्याचे जंत पसरवतो आणि जंतांची पिल्लं अंगावरच्या रक्तात येतात ती रात्री, म्हणून तर आरोग्य कर्मचारी अपरात्री नमुने घ्यायला दारात येतात. पण पाय जाड होईपर्यंत ही पिल्लं रक्तातून बहुधा नाहीशी झालेली असतात. तेव्हा त्या रिपोर्टवर हत्तीपाय नाही असं ठरवू नका. सूज एकाच पायाला का, हे डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या.

दुकानातून आणलेल्या लघवीच्या गोळ्या बंद करा. त्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. त्यापेक्षा रोज साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तिथल्या बारीक भेगांतून जंतू शिरतात, ताप येतो, पाय लाल होतो आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढूनच राहते.

आणि वाचकांपैकी कुणाचा एक पाय एक-दोन दिवसांत अचानक सुजला असेल, पोटरी दुखत असेल, तर चिमूट काढत बसू नका. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.