विदूषक-माशाचें बिऱ्हाड

घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटींत विदूषक-मासा आला कीं समुद्रफुलाचा मोह होतोच. परंतु हें फूल म्हणजे प्राणीच, आणि दोघांत नाजूक तोच. मासा त्याच्यावांचून सुखानें जगतो. पेटींत त्याला शत्रू कोण?

समुद्रफुलांच्या हजारांवर जातींपैकीं अवघ्या १० या माशांना थारा देतात. बाजारांत नित्य दिसणारा ऑसेलॅरिस निसर्गांत तीनच जातींकडे राहतो : मॅग्निफिका आणि जाजमासारख्या पसरणाऱ्या दोन. तिन्ही घरीं जगविणें कठीण. म्हणून फुगीर टोकांच्या बोटांचें ‘बबल-टिप’ घ्यावें. ऑसेलॅरिसचें तें मूळ घर नव्हे, तरी पेटींत बहुधा जमतें. कधीं मासा महिनोन्महिने तिकडे फिरकतही नाहीं! मरून विदूषकाचें मात्र तेंच एकमेव घर.

शुभ्र रंगाला भुलूं नये. अंगांतील अन्न पुरविणारें शेवाळ गेल्यामुळें तें फूल पांढरें पडलेलें असतें, म्हणजे उपाशीच. तोंड घट्ट मिटलेलें, बोटें चिकट आणि तळवा न फाटलेला, एवढें पाहावें. पेटी निदान ६ महिने मुरलेली असावी, प्रकाश प्रखर असावा. जागा न रुचल्यास फूल सरकत जातें. यास्तव तें आणण्यापूर्वींच पंपाच्या तोंडाला जाळी बसवावी.