काम एक, गावे दोन, वेतन किती?

माझ्या एका व्यापारी स्नेह्यांची बार्शीत कापडाची जुनी पेढी आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी पुण्यात शाखा काढली. दिवाळीच्या हंगामात बार्शीतील एका जुन्या, विश्वासू विक्रेत्यास त्यांनी पंधरा दिवस पुण्याच्या मदतीला पाठविले. परत आल्यावर तो गृहस्थ गप्प गप्प राहू लागला. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "शेठ, कापड तेच, मीटर तोच, गिऱ्हाईकही तसंच. तिथल्या पोराला येऊन चार वर्षं झाली, मला एकोणीस. मग माझा हात स्वस्त कसा?"

शेठजींना उत्तर सुचेना. "पुण्यात महागाई आहे," एवढेच ते बोलले. सायंकाळी मात्र वेतनाची वही घेऊन माझ्याकडे आले. बँकेत हयात घालविलेल्या माणसाकडे याचे उत्तर असेल, असा त्यांचा विश्वास. तो अगदीच अनाठायी नव्हता. कारण हा प्रश्न आमच्या क्षेत्रात फार जुना आहे.

१९५३ च्या शास्त्री निवाड्याने बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी गावांचे लोकसंख्येनुसार वर्ग पाडले होते. खतावणी तीच, परंतु लिहिणारा कोणत्या गावी बसतो यावर त्याचे वेतन ठरे. पुढे अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयात सरकारने १९५४ मध्ये फेरबदल केले. ३०,००० हून कमी वस्तीच्या गावांसाठी आणखी एक, चौथा वर्ग त्यातूनच आला. या फेरबदलांच्या निषेधार्थ तत्कालीन केंद्रीय मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हेच गिरी पुढे राष्ट्रपती झाले. प्रकरण पुन्हा तपासण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे काम न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी पाहिले. १९६६ पासून द्विपक्षीय करारांचे युग सुरू झाले. आम्ही नोकरीस लागलो तोवर व्यवस्था रुळली होती: मूळ वेतनश्रेणी व महागाई भत्ता देशभर एक, आणि गावागावांतील फरक घरभाडे व शहर भत्त्यापुरता.

मुंबईहून तालुक्याच्या गावी माझी बदली झाली, तेव्हा पगारपत्रकावरील आकडा खाली आला. मन खट्टू झाले. परंतु मूळ वेतनाची ओळ होती तशीच होती. कमी झाले होते ते मुंबईच्या भाड्यापोटी मिळणारे. आणि ते भाडे आता मी देत नव्हतो. पुढे मुंबईस परतलो, भत्ता वाढला आणि घरमालकाच्या हाती गेला. माझ्या कामाची किंमत दोन्ही ठिकाणी एकच धरली होती, हे समाधान मोठे होते.

केंद्र सरकारच्या नोकरीतही हेच तत्त्व आहे. ५० लाख व त्याहून अधिक वस्तीची शहरे 'एक्स', ५ ते ५० लाखांची 'वाय' आणि उरलेली 'झेड' वर्गात मोडतात. सातव्या वेतन आयोगानंतर घरभाडे भत्ता अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर तो ३०, २० व १० टक्के झाला. म्हणजे मूळ वेतन ३०,००० रुपये असेल, तर भत्ता पुण्यात ९,०००, सोलापुरात ६,००० आणि बार्शीत ३,००० रुपये. मूळ वेतन मात्र तिन्ही ठिकाणी तेच.

"पण कायदाच शहर आणि गाव यांत फरक करतो ना?" शेठजींनी विचारले. करतो. महाराष्ट्रात दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या किमान वेतनासाठी परिमंडळे आहेत: महानगरपालिकांचे क्षेत्र पहिल्यात, नगरपरिषदांचे दुसऱ्यात, उर्वरित भाग तिसऱ्यात. परंतु किमान वेतन ही खालची मर्यादा होय. त्याहून खाली जाता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. तेवढेच द्यावे, असा नव्हे.

मग आम्ही कागदावर दोन रकाने आखले. बार्शीत स्वस्त काय? घर, आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च. स्वस्त नाही असे काय? औषध, मोबाइल, शाळेचा गणवेश, दुचाकीचे पेट्रोल. मुलगा शिकायला पुण्यात असेल, तर त्याच्या खोलीचे भाडे पुण्याच्याच दराने. मोठ्या दुखण्यात शहर गाठावे लागते, तो खर्च तर वरचा. तेव्हा फरक करायचाच, तर तो पहिल्या रकान्यापुरता असावा.

शेठजींनी केलेला फरक मूळ वेतनातच होता, आणि खरी मेख तिथेच होती. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतनावर व महागाई भत्त्यावर काढतात. घरभाडे त्यात धरत नाहीत. दहा वा अधिक माणसांच्या पेढीस हा कायदा लागू होतो. मूळ वेतन ३,००० रुपयांनी कमी असेल, तर वीस वर्षांच्या सेवेअखेर ३,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले २०, म्हणजे सुमारे ३४,६१५ रुपये कमी मिळतात. भविष्य निर्वाह निधीचेही तेच. निवृत्तीनंतर दोघेही बार्शीत राहिले, तरी एकाची पुंजी लहानच. ज्या महागाईचे कारण सांगितले, ती तर तेव्हा उरलेलीच नसते.

शेठजी बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. "दरमहा बोजा वाढेल," ते म्हणाले. तो वाढतो, हे खोटे नाही. त्यांनी दोन वर्षांत दोन टप्पे करून काम व अनुभव यांनुसार मूळ वेतन दोन्ही दुकानांत समान केले. पुण्याचा जादा खर्च 'स्थानिक भत्ता' म्हणून वेगळ्या ओळीत लिहिला. बार्शीच्या विक्रेत्यास पगारपत्रक समोर ठेवून समजावले. पुण्याच्या मुलापेक्षा त्याचे मूळ वेतन आता, सेवाकालामुळे, अधिक आहे. तो म्हणाला, "भाड्याचं असेल तर माझी तक्रार नाही, शेठ."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या आज दोन-तीन गावी आहेत. वर्षअखेरीस ताळेबंद जुळवताना वेतनाची वहीही एकदा उघडावी. दोन गावच्या समान कामाच्या माणसांची नावे शेजारी मांडावीत आणि फरकाचे कारण त्यांच्या समक्ष सांगता येते का, ते पाहावे. सांगता आले, तर फरक राहू द्यावा. न आले, तर तो नफा नव्हे. ते देणे आहे.