पाण्याची वाट आणि घराचा पाया

मराठवाड्यातील गृहस्थाच्या पाण्याविषयी दोन तक्रारी असतात : पावसाळ्यात ते घरात शिरते आणि उन्हाळ्यात घागरभरही मिळत नाही. मांजरा धरण आटल्यामुळे १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातुरास आली. तिच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच मांजरेला आणि नांदेडच्या गोदावरीला २०२५ च्या पावसाळ्यात मोठे पूर आले. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेल्या पावसाचे काय व्हावे हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हिशेब अगदी सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते. १०० घरांच्या वसाहतीवर एका सायंकाळी पाच सेंटिमीटर पाऊस झाला, तर केवळ छपरांवरून ५ लाख लिटर पाणी उतरते. म्हणजे ती पहिली पाणीगाडीच! तेथे पूर्वी माळ असता, तर गवताने व मातीने त्यातील बराच भाग अडविला असता व उरलेला सावकाश ओढ्याकडे गेला असता. स्लॅब, सिमेंटचा रस्ता व फरशीचे अंगण झाले की बहुतेक सारे पाणी काही मिनिटांत धावू लागते. मग खालच्या आळीत पूर येतो आणि वरच्या आळीतील विहीर कोरडी राहते.

यावर नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतात. पहिली सरासरी २५ वर्षांतून, तर दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवी घरे वर्ज्य असून दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर बंधने आहेत. २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजल साठविणे वा मुरविणे आवश्यक केले आहे. तथापि पूररेषा घराला नदीपासून जपते. नदीला पाणी देणाऱ्या माळाविषयी ती काही बोलत नाही.

तो विचार आपल्या जुन्या राजधानीत झाला होता. नांदेड व लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हजारो माणसे दगावली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने या तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, कारखाने व मोठ्या वसाहतींना मनाई करण्यात आली. २०२२ मध्ये तेलंगण शासनाने ही बंधने उठविली. जमिनीचा भाव चढला की पाण्याचा नियम किती एकाकी पडतो, हे यावरून दिसते.

आपल्याकडे नियमाबाहेर गुंठ्यागुंठ्यांनी विकलेले भूखंड नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा झाला व पुढे त्याची सवलत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस मिळाली. गरिबाचे घर वाचले, हे योग्यच झाले. परंतु बुजविलेला ओढा कोणत्याही कायद्याने नियमित होत नाही. तो पावसाळ्यात आपली जुनी वाट शोधीत येतोच.

म्हणून घरातील कर्त्या मंडळींस आमची विनंती आहे. भूखंड घेण्यापूर्वी सातबाऱ्याबरोबर गावनकाशा व पूररेषेचा नकाशाही पाहावा आणि तेथील वृद्धांस पाणी पूर्वी कोठून जात असे ते विचारावे. सारे अंगण फरशीने झाकू नये. छपराचे पाणी गाळून विहिरीत वा कूपनलिकेशेजारच्या शोषखड्ड्यात सोडावे. शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपल्या भूखंडावरील आरक्षण तेवढे पाहून न थांबता त्यात ओढे शिल्लक आहेत की नाहीत, हेही तपासावे व मुदतीत लेखी हरकत द्यावी. घर आपण नातवंडांसाठी बांधतो. त्यांच्या वाट्याचे पाणीही त्याच जमिनीत ठेवावयास हवे.