दोन वरांची पत्रिका : गुणमेलनाच्या कोष्टकात काय बसते, काय बसत नाही

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा परिसरात मराठी बोलणे कानावर पडणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दोन मेट्रोमार्ग जिथे मिळतात असे हे स्थानक. लगतच वन-नॉर्थ, बायोपोलिस आणि फ्युजनोपोलिस ही संशोधन व तंत्रज्ञानाची केंद्रे. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापुरातून शिकून आलेले कितीतरी तरुण या भागात नोकरी करतात. त्यांच्यात समलिंगी तरुणही आहेत, आणि त्यांपैकी काहींनी जोडीदारासह घर मांडलेले आहे. घरी ही गोष्ट सांगितल्यावर कुठे अबोला येतो, कुठे रडारड होते. पण सगळे ऐकून घेतल्यानंतर एखादी आई हळूच विचारते, ‘त्याची जन्मवेळ माहीत आहे का?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पत्रिका स्थळाची पाहिली जाते, मित्राची नव्हे. पत्रिका मागणाऱ्या आईने नकळत का होईना, मुलाच्या नात्याला लग्नाच्या पंक्तीत बसवलेले असते. म्हणूनच दोन पुरुषांच्या पत्रिका गुणमेलनाच्या रीतीने जुळवायला घेतल्या तर नेमके काय होते, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

छत्तीस गुणांचे गणित

महाराष्ट्रात रूढ असलेली पद्धत अष्टकूटांची. तिचा आधार जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात आणि राशीत असतो तो. त्यावरून आठ बाबी पाहिल्या जातात आणि प्रत्येकीचे गुण चढत्या क्रमाने ठरलेले असतात : वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८. एकूण ३६. निदान १८ गुण जुळावेत असा संकेत आहे. काशी येथे सन १६०० मध्ये राम दैवज्ञाने रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’ या ग्रंथाच्या विवाहप्रकरणात ही कूटे आलेली आहेत, आणि आजही पंचांगांत गुणमेलनाचे कोष्टक छापले जाते.

या कोष्टकाच्या एका बाजूला वराची नक्षत्रे असतात, दुसऱ्या बाजूला वधूची. दोन पुरुषांच्या बाबतीत पहिली अडचण येते ती इथेच. पत्रिका जुळवणाऱ्याला दोघांपैकी एकाला वधूच्या रकान्यात बसवावे लागते, आणि कोणाला बसवले यावर उत्तर बदलते.

एक उदाहरण घेऊ. एकाचे नक्षत्र रोहिणी, रास वृषभ. दुसऱ्याचे नक्षत्र आश्लेषा, रास कर्क. राशींच्या वर्णविभागणीत कर्क ब्राह्मण, तर वृषभ वैश्य मानली जाते. नियम असा की वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असावा. आश्लेषावाल्याला वर मानले तर वर्णाचा १ गुण मिळतो. रोहिणीवाल्याला वर मानले तर तो मिळत नाही. माणसे तीच, चंद्र तोच, तरीही बेरीज वेगळी. इथे फरक एकाच गुणाचा असला, तरी तो कशामुळे पडला हे महत्त्वाचे. पती पत्नीहून वरचढ असावा ही अपेक्षा त्या नियमातच आहे. ज्या घरात पती-पत्नी अशी विभागणीच नाही, तिथे हा नियम कोणती गोष्ट मोजणार?

सर्वांत जड नाडी

याच जोडीची नाडी पाहू. सत्तावीस नक्षत्रे आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी विभागलेली आहेत. रोहिणी आणि आश्लेषा या दोन्ही अंत्य नाडीच्या. म्हणजे एकनाडी, ८ पैकी शून्य. ‘बाकी सगळे ठीक आहे, पण एकनाडी आहे’ या एका वाक्यावर परत गेलेली स्थळे प्रत्येक मराठी कुटुंबाच्या आठवणीत असतात.

तीनच नाड्या असल्यामुळे कोणतीही दोन माणसे घेतली तरी साधारणपणे तीनांत एकदा एकनाडी निघणारच. जुन्या ग्रंथांत हा दोष वधूवरांच्या आयुष्याशीही जोडलेला आहे. परंतु आज व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा संततीशी लावला जातो. काही जण नाडीला रक्तगटाचे आधुनिक नाव देतात. रक्तगट आईवडिलांकडून येतो, जन्मनक्षत्रावरून नव्हे, तेव्हा त्या स्पष्टीकरणाला आधार नाही. आणि संतती हेच नाडीचे प्रयोजन असेल, तर दोन पुरुषांच्या पत्रिकेत ३६ पैकी ८ गुण, म्हणजे जवळजवळ पाव भाग, त्यांच्या नात्याला लागू नसलेल्या गोष्टीवर खर्ची पडतात.

मंगळाचेही असेच. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच स्थाने दोषाची असल्यावर पुष्कळ माणसे ‘मंगळी’ ठरावीत यात आश्चर्य नाही. सप्तमस्थान जोडीदाराचे हे दोघांनाही सारखेच लागू करता येईल. पण पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीचा कारक शुक्र आणि स्त्रीच्या पत्रिकेत पतीचा कारक गुरू, असे परंपरा सांगते. पुरुषाच्या पत्रिकेत पतीचा कारक कोण, याची तरतूद तिथे नाही. काही ज्योतिषी आपल्या तर्काने उत्तर देतात, पण ते त्यांचे उत्तर असते, ग्रंथाचे नव्हे.

प्राचीन ज्योतिषाला स्त्री-पुरुषांपलीकडचे काही ठाऊकच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. बुध आणि शनी यांना नपुंसक ग्रह म्हटलेले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त क्लीब जन्माचे योगही दिलेले आहेत. परंतु ते वर्णन एकेका व्यक्तीच्या देहाचे किंवा सामर्थ्याचे. दोन पुरुषांच्या सहजीवनाचा विचार त्यात नाही. ‘माझा मुलगा असा का?’ याचे उत्तर त्या योगांत शोधणे म्हणजे निराळ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रश्नाला चिकटवणे होय.

कसोटीवर काय उतरले

पत्रिकेवरून माणसाविषयी काही सांगता येते का, याची एक नावाजलेली चाचणी महाराष्ट्रातच झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसह २००८ मध्ये हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. त्यांतील प्रत्येकी ४० पत्रिका ज्योतिषांना देऊन, कोणती कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के होते. नाणे उडवून निर्णय घेतला असता तरी सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती.

ही चाचणी विवाहाची नव्हती. पाश्चात्त्य पद्धतीतील सूर्यराशींबाबत मात्र अशी तपासणी झाली आहे. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड व्होआस यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतील सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा पाहिल्या. अमुक राशीचे अमुक राशीशी अधिक जुळते, असे त्यांना आढळले नाही. सूर्यरास म्हणजे आपले नक्षत्र नव्हे, हे खरे. तरीही राशींवरून जोडी जमते या समजुतीला त्यातून बळ मिळत नाही.

उलट, जोडपी टिकतात कशाने, यावर प्रत्यक्ष निरीक्षणे आहेत. अमेरिकेतील जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी समलिंगी जोडप्यांचा बारा वर्षे मागोवा घेतला आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. समाधानाची आणि ताटातुटीची कारणे बहुतांशी इतर जोडप्यांसारखीच निघाली. मतभेदाचा विषय काढताना मात्र समलिंगी जोडपी तुलनेने सौम्यपणे आणि थोड्या विनोदाने बोलत असल्याचे दिसले. भांडण सुरू कसे होते आणि मिटते कसे, याला जन्मवेळेपेक्षा अधिक महत्त्व आहे.

मग आई पत्रिका का मागते?

मे २०१५ मध्ये मुंबईच्या ‘मिड-डे’ दैनिकात पद्मा अय्यर यांनी आपला मुलगा, कार्यकर्ते हरीश अय्यर, याच्यासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. जातीची अट नाही, तरी अय्यर असल्यास उत्तम, असा त्यातला मजकूर होता. जातीच्या उल्लेखावर टीका झाली. तो गमतीने लिहिल्याचे सांगण्यात आले. पण त्या जाहिरातीचे मर्म निराळे होते. इतर मुलांसाठी आई जे करते, ते तिने या मुलासाठीही केले. पत्रिका मागणे हेही त्याच जातीचे कृत्य आहे. आईवडिलांजवळ नाते स्वीकारण्याची जी भाषा आहे, तीच ते वापरणार.

धोका आहे तो निकालात. १८ च्या खाली आकडा आला की दबलेला विरोध पुन्हा डोके वर काढतो आणि त्याला ग्रहांचा आधार मिळतो. ज्या नात्यासाठी मुलाने वर्षानुवर्षे धीर गोळा केला, ते ‘एकनाडी’ या एका शब्दाने मोडीत काढले जाऊ शकते. म्हणून जन्मवेळ जरूर द्यावी; मात्र त्याआधी कोष्टक कसे बनते, वधूचा रकाना का अडतो आणि नाडीचे ८ गुण कशासाठी आहेत, हे घरात शांतपणे समजावून सांगावे. आकडा हातात आल्यावर सांगितलेली हीच गोष्ट सबब वाटते.

गुणांत न मोजलेली जोखीम

बुओना व्हिस्टात राहणाऱ्या अशा जोडप्याच्या वाटेतील खऱ्या अडचणी कायद्याच्या आहेत. पुरुषांमधील संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७अ हे कलम सिंगापूरमध्ये १९३८ पासून होते. संसदेने ते २९ नोव्हेंबर २०२२ रोजी रद्द केले. त्याच वेळी विवाहाची व्याख्या ठरवण्याचा अधिकार संसदेकडे राहील अशी घटनादुरुस्तीही झाली, आणि विवाह स्त्री-पुरुषांचाच राहिला. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला.

परिणामी असा जोडीदार ‘पती’ म्हणून अवलंबितांच्या परवान्यावर सिंगापुरात राहू शकत नाही. प्रत्येकाला आपल्या परवान्यावर राहावे लागते, आणि एकाची नोकरी गेली तर त्याच्यापुढे देश सोडण्याची वेळ येऊ शकते. मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता वारसा कायद्याने रक्ताच्या नातलगांकडे जाते. जोडीदाराचा त्यात वाटा नसतो.

यावर काही उपाय हातात आहेत. दोघांनीही मृत्युपत्र करावे; त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये. विचारशक्ती गेल्यास निर्णय कोणी घ्यावेत, हे ठरवणारे स्थायी मुखत्यारपत्र सिंगापूरच्या सार्वजनिक पालक कार्यालयात नोंदवता येते. कायम रहिवासी असल्यास केंद्रीय भविष्यनिर्वाह निधीसाठी जोडीदाराचे नामनिर्देशन करता येते. भारतातील बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, असे भारताच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. गावाकडे घर किंवा शेती असेल तर तिचा उल्लेख मृत्युपत्रात वेगळा आणि स्पष्ट करावा.

पत्रिका पाहून झाल्यावर आईवडिलांना ही कागदपत्रे दाखवावीत. आपल्या मुलाच्या आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसणार आणि त्याच्या माघारी घर कोणाचे राहणार, याचे उत्तर त्यांना तिथे मिळेल; आणि जन्मवेळ विचारताना त्यांच्या मनात हीच काळजी असते.