परभणी केंद्र औशात कसं ऐकू येतं?

मंडळी, औशाहून परभणी सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. तरी 1968 साली सुरू झालेलं आकाशवाणीचं हे केंद्र आपल्या भागात बांधावरच्या ट्रान्झिस्टरवर लागायचं. सकाळी सात-पाचच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, शेतकऱ्यांसाठीच्या मुलाखती. क्रिकेट असलं की मराठी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं समालोचन असायचं, त्याला तर पारावर गर्दी. हा आवाज इतक्या लांब येतो कसा, ते आपण बघू.

परभणी केंद्र 1305 किलोहर्ट्झवर. म्हणजे एकेक लहर जवळपास 230 मीटर लांब. निवेदक ‘मध्यम लहरी’ म्हणतात त्या याच. एफएमची लहर साधारण तीन मीटरची. ती बहुतेक नजरेच्या टप्प्यात चालते, डोंगर किंवा जमिनीची गोलाई आडवी आली की अडते. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून सरकते. जमीन ओलसर आणि वीजवाहक असेल तितकी ती लांब जाते, आणि आपली काळी माती त्या कामाला चांगलीच. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तन होतं, म्हणून कुठली कुठली परकी केंद्रं मध्येच बोलू लागतात.

ट्रान्झिस्टर फिरवला की आवाज सुधारतो, हे आपण सगळ्यांनी केलंय. त्यात वेडेपणा काही नाही! आत फेराइटची आडवी कांडी असते, तिची लांब बाजू केंद्राकडे लागते. परभणी आपल्या उत्तरेला. म्हणून रेडिओ पूर्व-पश्चिम आडवा ठेवायचा.

खरखर मात्र आपल्याच घरातून येते. मोटारीचा स्टार्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, चार्जर. वीज गेली की मध्यम लहरी उलट स्वच्छ ऐकू येतात.

आता मुद्द्याचं. किल्लारी आपल्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, हजारो माणसं गेली. अशा वेळी खांब पडतात, तारा तुटतात, आज असता तर मोबाइलचे टॉवरही बॅटरी संपेपर्यंतच. लांबच्या सुरक्षित गावातला एक मनोरा आणि घरोघरी सेलवरचा रेडिओ, एवढ्यावर सूचना पोचू शकते. एफएमचा आवाज गोड, आम्हीही ऐकतो. पण तितकं क्षेत्र झाकायला त्याचे अनेक मनोरे लागतील, आणि त्यातले काही नेमके पडलेल्या भागातच असतील.

गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने देशभरातले बरेच जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद केले. जुनी यंत्रं, सुटे भाग मिळत नाहीत, विजेचं बिल मोठं. कारणं खोटी नाहीत. अॅपवर तीच केंद्रं ऐकता येतात, असंही सांगतात. येतात की, नेटवर्क असेल तर. आणि आपल्या खिशातल्या फोनला मध्यम लहरी पकडताच येत नाहीत. तेव्हा केंद्र चालू राहिलं तरी घरात सेलवरचा रेडिओ हवाच, आणि त्यातले सेल अधूनमधून तपासायला हवेत.