दूध, संप्रेरके आणि कर्करोग : डॉ. कमल रणदिवे यांच्या संशोधनक्षेत्राचा परिचय

कर्करोग हा केवळ मनुष्यजातीचा रोग नव्हे. प्रयोगशाळेतील उंदरास तो होतो, तसा गोठ्यातील बैलासही होतो. परंतु एका प्राण्यात सापडलेले कारण दुसऱ्या प्राण्यास कितपत लागू करावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. डॉ. कमल रणदिवे यांनी ज्या क्षेत्रात आयुष्य वेचले, त्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. पुण्याच्या कृषि महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम्.एस्सी. केले; विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिक विज्ञान. विवाहानंतर मुंबईस आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्याजवळ ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या तंत्राची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे प्रभारी संचालकपद सांभाळले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संशोधनातील एक प्रमुख विषय उंदरांमधील स्तनकर्करोग हा होता. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९३३ साली एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. कर्करोगप्रवण वंश व कर्करोगविरळ वंश यांचा संकर केला असता मुलींमधील रोगाचे प्रमाण आईच्या वंशाप्रमाणे ठरे, बापाच्या नव्हे. कारण केवळ गुणसूत्रांत असते, तर असा पक्षपात होता ना. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी रोगप्रवण वंशाची पिले जन्मतःच दुसऱ्या वंशाच्या माद्यांच्या अंगावर पाजविली; त्या पिलांत रोगाचे प्रमाण पुष्कळ घटले. रोगाचा एक घटक दुधातून येत होता. तो घटक म्हणजे एक विषाणू होय, हे पुढे सिद्ध झाले.

परंतु विषाणू शरीरात असूनही सर्वच माद्यांस अर्बुद होत नाही. काही वंशांत वारंवार विणाऱ्या माद्यांत ते अधिक, तर कुमारी माद्यांत कमी आढळते. वंशाची ग्रहणशीलता, संप्रेरके आणि विषाणू यांची परस्परक्रिया ध्यानात घेणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत डॉ. रणदिवे यांची गणना होते.

या परस्परक्रियेचा जीवरासायनिक उलगडा नंतर झाला. १९७० मध्ये टेमिन व बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, या जातीच्या विषाणूंजवळ रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर असते. त्याच्या साहाय्याने विषाणूच्या आरएनएवरून डीएनए तयार होतो व तो पेशीच्या डीएनएत सामावतो. उंदराच्या या विषाणूत डीएनएच्या टोकाशी असा एक भाग असतो, की ज्यास ग्राहक-प्रथिनाशी संयोग पावलेले स्टेरॉइड संप्रेरक चिकटते आणि विषाणूच्या जनुकांचे वाचन वाढते. विषाणूचा डीएनए वाढीचे नियमन करणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी बसला, तर ते जनुकही अवेळी जागे होते. १९८२ मध्ये असे पहिले जनुक निश्चित झाले. याप्रमाणे संप्रेरक व विषाणू ही दोन कारणे एकाच रेणूवर एकत्र येतात.

मग मातेचे दूध मुलीस घातक ठरेल काय? ही शंका प्रत्यक्षात उपस्थित झाली होती. स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या मुंबईच्या पारशी समाजातील स्त्रियांच्या दुधात उंदराच्या विषाणूसारखे कण दिसल्याचे १९७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांत मुंबईच्या डॉ. सत्यवती शिरसाट होत्या. तथापि असे कण मानवी कर्करोगाचे कारण आहेत, हे सिद्ध झाले नाही. उलट २००२ मधील एका व्यापक विश्लेषणात, स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे मातेचा स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो असे दिसले. उंदरावरून काढलेला तर्क घाईने मानवास लावला असता, तर असंख्य बालके विनाकारण दुधास मुकली असती.

पशुवैद्यकासही हीच सावधगिरी हवी. बैलाच्या शिंगाचा कर्करोग अस्थिगाभ्याच्या पोकळीतील श्लेष्मल आवरणात सुरू होतो. बैल डोके झटकतो, शिंग घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि पुढे शिंग सैल होऊन कलते. पिंपळगाव बसवंतसारख्या शेतीप्रधान गावातील शेतकऱ्यास याचा अर्थ एकच : जोडी मोडली. हा रोग खच्ची केलेल्या बैलांत विशेष, गायींत व वळूंत क्वचित आढळतो. यावरून संप्रेरकांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण खच्चीकरण आणि जू ही दोन्ही एकाच जनावराच्या वाट्यास येतात. वळू जुंपला जात नाही, आणि जुंपलेला बैल बहुधा खच्ची केलेला असतो. ही दोन कारणे विलग केल्यावाचून रक्तातील संप्रेरकांचे मापन निर्णायक ठरणार नाही.

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि १९४१ मध्ये त्याच परिसरात टाटा स्मारक रुग्णालय उघडले. बैलाचा रोग आणि माणसाचा रोग यांचा अभ्यास असा शेजारी-शेजारी झाला. दोहोंमधील दुवा जीवरसायनशास्त्राने जोडावयाचा आहे. मात्र तो जोडताना प्रत्येक प्राण्याची साक्ष त्या-त्या प्राण्याकडूनच घेतली पाहिजे.